अरण्याचा मोजणीदार : हेन्री डेव्हिड थोरो

हेन्री डेव्हिड थोरो हें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें असेल. तळ्याकांठीं स्वहस्तें झोंपडी बांधून दोन वर्षें एकांतांत राहिलेला, आणि अन्यायी सरकारास कर देणार नाहीं म्हणून एक रात्र तुरुंगांत काढलेला तोच हा अमेरिकन ग्रंथकार. त्याच्या दुसऱ्या कृत्यावरील निबंध महात्मा गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंत वाचिला आणि १९०७ सालीं आपल्या पत्रांतून त्याचा परिचय करून दिला. पहिल्या कृत्यावरील ग्रंथ दुर्गाबाई भागवत यांनीं ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नांवानें मराठींत आणिला. परंतु झोंपडीचा व तुरुंगाचा थोरो सर्वांस ठाऊक असला, तरी ज्या कामांत त्याचीं अखेरचीं वर्षें गेलीं, आणि ज्या कामावर असतांनाच त्याच्या मृत्यूचें निमित्त घडलें, तें काम फारसें कोणास ठाऊक नाहीं. तें काम म्हणजे तोडलेल्या झाडांच्या खुंटांवरील वलयें मोजणें. हें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस कदाचित् हसूं येईल. पण त्याजबरोबर थोडा वेळ रानांत हिंडल्यावर तें राहणार नाहीं.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, कॉन्कॉर्ड या लहानशा गांवीं झाला. त्याचे वडील शिसपेन्सिली करण्याचा धंदा करीत, आणि घरची स्थिति बेताचीच होती. तरी मुलास त्यांनीं हार्वर्ड येथें शिकावयास पाठविलें व १८३७ सालीं तो पदवीधर झाला. लागलीच त्यास गांवच्या शाळेंत शिक्षकाची जागा मिळाली. पण ती दोन आठवड्यांपलीकडे टिकली नाहीं. असें सांगतात कीं, शाळासमितीच्या एका सभासदानें वर्गांत येऊन, मुलांस छडी मारल्याशिवाय शिस्त कशी राहणार, असा आक्षेप घेतला. थोरोनें त्याच दिवशीं कांहीं मुलांस विनाकारण छड्या मारिल्या आणि सायंकाळीं राजीनामा दिला. छड्या खाणाऱ्या त्या मुलांचा यांत काय अपराध होता, हें आम्हांस समजत नाहीं. राजीनाम्याबद्दल मात्र आम्ही त्याचें अभिनंदन करतों. पुढें १८३८ पासून तो व त्याचा वडील बंधु जॉन यांनीं मिळून स्वतःची शाळा चालविली. तींत छडी नव्हती, आणि मुलांस घेऊन रानांत व नदीवर हिंडावयास जाणें हा अभ्यासाचाच भाग होता. जॉनच्या प्रकृतीमुळें १८४१ मध्यें ती शाळा बंद पडली. आणि १८४२ च्या जानेवारींत, वस्तऱ्यानें बोटास झालेल्या क्षुल्लक जखमेंतून धनुर्वात होऊन, जॉन वारला. या आघातांतून सांवरावयास थोरोस पुष्कळ काळ लागला.

आतां जी गोष्ट थोरोच्या चाहत्यांस सांगावयास संकोच वाटतो, ती सांगितली पाहिजे. ३० एप्रिल १८४४ रोजीं तो व एडवर्ड होर नांवाचा एक तरुण मित्र असे नावेंतून सडबरी नदीवर गेले. त्यांनीं मासे धरिले, आणि फेअर हेवन म्हणून नदीचें जें रुंद पात्र आहे त्याच्या कांठीं, मासे शिजविण्यासाठीं एका जुन्या खुंटावर विस्तव पेटविला. त्या वर्षीं जमीन विलक्षण कोरडी होती. खुंटाभोंवतींच्या गतवर्षींच्या वाळक्या गवतानें पेट घेतला, आणि हां हां म्हणतां आग टेंकडीवर चढली. थोरो मदत आणण्यासाठीं धांवत सुटला. पहिल्यानें भेटलेल्या शेतकऱ्यानें, आपला त्यांत कांहीं संबंध नाहीं, म्हणून हात झटकले. दुसरा भेटला तो त्या रानाच्या मालकांपैकींच होता. तो मात्र याजबरोबर धांवत आला. पण दोघांच्या हातून काय होणार? मालक माणसें आणावयास गेला, आणि थकलेला थोरो कड्यावर जाऊन, आपण लाविलेली आग खालीं पसरत जातांना पाहत बसला. गांवकरी जमून त्यांनीं ती आटोक्यांत आणीपर्यंत सुमारें ३०० एकर रान जळून गेलें होतें. होर याचें घराणें वजनदार असल्यामुळें प्रकरण कोर्टांत गेलें नाहीं. तरी पुढें कित्येक वर्षें थोरोच्या पाठीमागें लोक त्यास रानजाळ्या म्हणत. त्यानें आपल्या रोजनिशींत या गोष्टीविषयीं सहा वर्षेंपर्यंत अक्षर लिहिलें नाहीं. १८५० मध्यें लिहिलें तेव्हां, वीज पडूनही हेंच झालें असतें, असें कांहींसें समर्थन त्यानें केलें आहे. तें आम्हांस पटत नाहीं, आणि त्याचें त्यासही पूर्णपणें पटलें असावें असें वाटत नाहीं. कारण पटलेल्या गोष्टीवर माणूस इतक्या वर्षांनीं पानेंच्या पानें लिहीत नाहीं.

आगीनंतर एक वर्षाच्या आंतच, म्हणजे १८४५ च्या मार्चअखेरीस, त्यानें उसनी कुऱ्हाड घेतली आणि वॉल्डन तळ्याच्या कांठीं, इमर्सन या आपल्या ग्रंथकार मित्राच्या जमिनींत, झोंपडीसाठीं पाइनचीं झाडें तोडावयास आरंभ केला. पाइन म्हणजे आमच्या हिमालयांतील चिडाच्या जातीचा वृक्ष. फळ्या त्यानें एका आयरिश मजुराची खोपटी विकत घेऊन तिच्याच काढून आणिल्या. १० फूट रुंद व १५ फूट लांब अशा या घरास एकंदर २८ डॉलर व साडेबारा सेंट खर्च आला. ४ जुलै १८४५ रोजीं तो तेथें राहावयास गेला व ६ सप्टेंबर १८४७ रोजीं परतला. या वास्तव्याची कथा प्रसिद्धच असल्यामुळें आम्ही येथें एवढेंच सांगतों कीं, घेवड्याच्या शेतासाठीं त्यानें जी जमीन नांगरली, तींत सुमारें १५ वर्षांपूर्वीं तोडलेल्या झाडांचे पुष्कळ खुंट होते, आणि ते खणून काढून सरपण म्हणून त्यानें जाळिले. पुढें ज्या वस्तूस तो जुन्या दप्तराइतकी मौल्यवान मानूं लागला, ती त्या वेळीं त्यास केवळ जळण वाटत होती.

हा पालट घडविला त्याच्या पोटाच्या धंद्यानें. वडिलांच्या कारखान्यांत त्यानें काळ्या शिशांत चिकणमाती मिसळण्याची रीत सुधारून पेन्सिलींस चांगलें नांव मिळवून दिलें होतें. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठीं तो १८४९ च्या सुमारास जमिनीचा मोजणीदार झाला. कॉन्कॉर्डमध्यें लांकडासाठीं राखलेले लहान लहान तुकडे असत. तुकडा तोडावयाचा किंवा वांटून घ्यावयाचा झाला, म्हणजे मालक थोरोस बोलावीत. साखळी व होकायंत्र घेऊन तो प्रत्येक बांधावरून चालला, आणि कोणता तुकडा कोणाचा, कधीं तोडला, त्यापूर्वीं तेथें काय होतें, हें सर्व त्याच्या डोक्यांत बसलें. यांत एक क्लेशकारक विपर्यास होता: ज्या झाडांवर त्याचें प्रेम, त्यांच्याच तोडणीच्या सीमा त्यास आंखून द्याव्या लागत. त्या काळीं गांवाच्या जमिनीपैकीं सुमारें एकदशांश भागच काय तो झाडांखालीं उरला होता, आणि १८४४ सालीं आलेली आगगाडी तोही खात होती.

मृत लांकडाकडे तो आतां निराळ्या दृष्टीनें पाहूं लागला होता. १८५५ सालीं टॉमस चोमोंडली नांवाच्या एका इंग्रज मित्रानें त्यास विलायतेहून ४४ पुस्तकांची देणगी पाठविली. त्यांतील बहुतेक ग्रंथ आपल्या देशांतील होते; उपनिषदें, पुराणें, गीता यांचीं भाषांतरें त्यांत होतीं. हीं पुस्तकें वाटेवर आहेत असें कळतांच थोरोनें नदीच्या पुरांतून वाहून आलेलीं जुनीं लांकडें गोळा केलीं, आणि त्यांचें एक कपाट स्वतः बनवून ठेविलें. आमच्या ऋषींचे विचार कॉन्कॉर्डच्या नदीनें आणून दिलेल्या लांकडावर विसांवले, ही हकीकत आम्हांस फार गोड वाटते.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. शेतकऱ्यांस एक कोडें नेहमीं पडे. पाइनचें रान तोडलें, तर त्या जागीं पाइन न उगवतां ओक उगवतात. ओकाचें तोडलें, तर पुष्कळदां पाइन उगवतात. बीं तर कोणी पेरलेलें नसतें. तेव्हां झाडें बींवांचून आपोआप निपजतात, अथवा बीं शतकानुशतकें जमिनींत निजून असतें, असें लोक म्हणत. थोरोनें यावर तर्क लढविण्याऐवजीं पाहावयाचें ठरविलें. २४ सप्टेंबर १८५७ रोजीं तो नावेंतून जात असतां एक तांबडी खार तोंडांत कांहीं धरून तीरावरून धांवतांना दिसली. एका झाडाच्या बुंध्याशीं थांबून तिनें पंजांनीं भोंक केलें, तोंडांतील वस्तु आंत टाकिली, वर माती लोटली आणि ती पुन्हां झाडावर चढली. थोरो उतरून पाहतो तों, कुजक्या पानांखालीं दीड इंचावर अक्रोडाच्या जातीचीं दोन फळें नीट पुरलेलीं. आणि त्या फळांचें सर्वांत जवळचें झाड तेथून सुमारें १०० मीटर दूर! मग तो दाट पाइनवनांत शिरून गुडघ्यांवर बसून शोधूं लागला. वरून पाहतां जेथें पाइनशिवाय दुसरें कांहीं नाहीं असें वाटे, तेथें त्यास दर कांहीं पावलांवर ओकाचीं बोटभर ते वीतभर उंचीचीं रोपें आढळलीं. त्यांचीं बीजें खारींनीं व जे नांवाच्या निळ्या पक्ष्यांनीं आणून टाकिलीं होतीं. सांवलींत हीं रोपें कांहीं वर्षें जेमतेम तग धरतात व मरतात. परंतु तेवढ्या अवधींत वरचें रान तुटलें, तर ऊन मिळून तींच झपाट्यानें वाढतात. उलट पाइनचें बीं पातळ पंखाचें असतें. तें वारा दूरवर नेतो, आणि मोकळ्या जागीं तें रुजतें. इंग्लंडांतील सरकारी वनाधिकाऱ्यांनीं पुष्कळ प्रयोगांअंतीं ओकाच्या रोपांस पाइनची सांवली देण्याची पद्धत काढली होती. ती आमच्या खारींस केव्हांपासूनच ठाऊक आहे, अशा अर्थाचा विनोद थोरोनें केला आहे.

२० सप्टेंबर १८६० रोजीं कॉन्कॉर्डच्या शेतकी प्रदर्शनांत त्यानें वनवृक्षांच्या परंपरेवर व्याख्यान दिलें, आणि तें न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून पत्रांत छापून आलें. त्याच वर्षाच्या आरंभीं डार्विनचा नवा ग्रंथ त्याच्या हातीं पडला होता, आणि तो त्यानें अत्यंत आस्थेनें वाचिला होता. परंतु व्याख्यान देऊन त्याचें समाधान झालें नाहीं. आज रानांत काय चाललें आहे हें त्यानें दाखविलें. पण ५० वर्षांपूर्वीं, १०० वर्षांपूर्वीं याच जागीं काय होतें, हें कोण सांगणार? म्हातारे शेतकरी विसरले होते, आणि कागदपत्रांत बांधाच्या खुणा तेवढ्या होत्या. तेव्हां त्यास खुंट आठवले.

थंड प्रदेशांतील झाड दरवर्षीं सालीखालीं लांकडाचा एक नवा थर घालतें. वसंतांतील लांकूड सैल, उन्हाळ्याच्या अखेरचें घट्ट. म्हणून कापलेल्या बुंध्यावर वर्षागणिक एक वलय स्पष्ट दिसतें. आमच्याकडे आंब्यावर अशीं वलयें नीट वाचतां येत नाहींत. परंतु सागाचीं येतात, आणि पुणें येथील उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं सागाच्या वलयांवरून मागील काळच्या पर्जन्याचा अभ्यास केला आहे. ज्या विद्यार्थ्यांस वखारींत साग पाहावयास मिळेल त्यांनीं जरूर पाहावा.

१८६० च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत थोरो जवळ जवळ रोज एकेका तुकड्यांत जाई, खुंटांवर वांकून वलयें मोजी, त्यांची रुंदी टिपी. नुसतें वय सांगून खुंट थांबत नसे. बींपासून उगवलेलें झाड आरंभीं हळू वाढतें, म्हणून त्याच्या गाभ्यांतील वलयें बारीक असतात. तोडलेल्या बुंध्याच्या फुटव्यापासून वाढलेल्यास जुन्या मुळांचा आधार असल्यामुळें गाभ्याशींच रुंद वलयें पडतात. म्हणजे खुंट पाहून हें झाड बींचें कीं फुटव्याचें, हें ओळखतां येऊं लागलें. कोठें वलयें एकाएकीं रुंद होत. त्याच सुमारास शेजारचें रान तुटून ऊन मिळालें असावें, असा मेळ बसे. आणि मग त्याच्या ध्यानांत आलें कीं, ताज्या खुंटांच्या मधून मधून त्यांहून जुने, शेवाळलेले खुंट आहेत, आणि त्यांच्याही आधींचे, साल व कड कुजून केवळ राळेनें भरलेला गाभा उरलेले कांहीं आहेत. आज उभें असलेलें रान, काल तोडलेलें रान, आणि आजोबांनीं तोडलेलें रान, अशा तीन पिढ्या एकाच तुकड्यांत एकमेकींच्या मांडीस मांडी लावून बसल्या होत्या. जें लांकूड कुजत आहे म्हणून सर्वांनीं टाकून दिलें, त्यांतच गांवाचा इतिहास लिहिलेला होता. आणि तो दरवर्षीं थोडा थोडा मातींत मिळत असल्यामुळें वाचणाऱ्यास घाई करणें भाग होतें. बॉक्सबरो या जवळच्या गांवीं जुन्या ओकांचें एक मोठें वन उरलें होतें, तेंही त्यानें याच दिवसांत जाऊन पाहिलें.

या अभ्यासाचा व्यवहारांत काय उपयोग, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी पालक विचारतील. थोरोच्या डोळ्यांदेखतचीच गोष्ट आहे. एका शेतकऱ्यानें पाइनचें दाट रान तोडलें. त्याखालीं ओकाचीं असंख्य रोपें आयतीं उभीं होतीं. पण तीं त्यास दिसलीं नाहींत. त्यानें जागा जाळली, नांगरली व एक पीक राय नांवाचें धान्य काढावें म्हणून पेरलें. अर्थात् ओक समूळ नष्ट झाले, आणि त्या जागीं पुन्हां रान यावयास पिढीभर वाट पाहणें आलें. दोन पोतीं धान्यासाठीं वाडवडिलांची ठेव जाळून टाकावी तसाच हा प्रकार. थोरोनें रोजनिशींत त्यावर फार कडक लिहिलें आहे. आम्हांस तें वाचतांना १८४४ ची आग आठवल्यावांचून राहत नाहीं. तो स्वतः त्या यादींतून आपलें नांव वगळूं शकत नव्हता. एवढें खरें कीं, १८५९ च्या एप्रिलांत इमर्सनच्या वॉल्डनकांठच्या जमिनींत पाइनचीं सुमारें ४०० रोपें, प्रत्येक १५ फुटांच्या अंतरानें, त्यानें आपल्या हातांनीं लाविलीं होतीं.

३ डिसेंबर १८६० रोजीं कडक थंडींत तो फेअर हेवन टेंकडीवर खुंटांचीं वलयें मोजावयास गेला. सोळा वर्षांपूर्वीं आग लागली ती याच भागांत. तेथें त्यास सर्दी झाली. आठ दिवसांनीं वॉटरबरी येथें ठरलेलें व्याख्यान होतें. न जाण्याविषयीं सर्वांनीं विनविलें असतांही तो गेला. सर्दी छातींत उतरली, श्वासनलिकेचा दाह झाला, आणि घराण्यांत पूर्वींपासून असलेल्या क्षयानें डोकें वर काढिलें. हवापालटासाठीं १८६१ च्या मे महिन्यांत तो मिनेसोटा संस्थानांत गेला. सोबतीस होरेस मॅन हा सतरा वर्षांचा मुलगा होता. प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ होरेस मॅन यांचाच तो पुत्र, आणि वनस्पतींचा मोठा नादी. दोघांनीं वाटेंत वनस्पती गोळा केल्या. प्रकृति मात्र सुधारली नाहीं. जुलैंत परत आल्यावर थोरोनें अंथरूण धरिलें. हात चालेना तेव्हां त्याची बहीण सोफिया त्याच्या सांगण्यावरून लिहून घेई. ६ मे १८६२ रोजीं सकाळीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, त्यास मृत्यु आला.

सुमारें वीस लक्ष शब्दांची रोजनिशी त्यानें मागें ठेविली. तिचा बहुतेक भाग १९०६ मध्यें चौदा खंडांत छापला गेला. बीजप्रसारावरील ग्रंथ मात्र अपुराच राहिला, आणि तो प्रसिद्ध व्हावयास १९९३ साल उजाडावें लागलें. कोणत्या झाडास कोणत्या तारखेस पालवी फुटली, हें १८५० नंतरच्या वर्षांत त्यानें जें नेमानें टिपलें होतें, त्याचा उपयोग तर त्याच्या स्वप्नींही आला नसेल. बॉस्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं त्याच गांवीं तींच झाडें पुन्हां पाहिलीं, आणि पालवी आतां थोरोच्या काळापेक्षां दोन आठवड्यांहूनही अधिक अगोदर फुटते, असें २०१४ मध्यें प्रसिद्ध केलें. हवामान तापत असल्याचा इतका जुना व इतका घरगुती पुरावा फार थोड्या ठिकाणीं मिळेल.

आणि खुंट? कॉन्कॉर्डच्या पश्चिमेस पीटरशॅम येथें हार्वर्ड विद्यापीठाचें १९०७ सालीं राखलेलें एक संशोधनवन आहे. २१ सप्टेंबर १९३८ च्या भयंकर चक्रीवादळानें त्या प्रांतांतील अरण्यें आडवीं केलीं, तेव्हां पडलेलें लांकूड वाया जाऊं नये म्हणून तें मोठ्या प्रमाणावर ओढून नेण्यांत आलें. पण तें नेलें नसतें तर काय झालें असतें? हें पाहण्यासाठीं १९९० च्या शरदृतूंत तेथील शास्त्रज्ञांनीं सुमारें दोन एकरांतील मोठमोठीं झाडें तारेच्या दोरानें ओढून मुद्दाम उन्मळून पाडिलीं, आणि तीं जशींच्या तशीं पडूं दिलीं. त्यांपैकीं पुष्कळांस पुढील वसंतांत आडवें असतांनाच पानें फुटलीं, व कांहीं तर अनेक वर्षें जगलीं. जीं मेलीं त्यांचें किती लांकूड कुजलें, उपटलेल्या मुळांच्या ढिगांवर कोणतीं रोपें आलीं, बुंध्यास किती फुटवे फुटले, हें ते तेव्हांपासून वर्षानुवर्षें फीत व वही घेऊन मोजीत आले आहेत.